फासेपारधी तरुण आणि त्यांची बोली : एक मागोवा

इंदापूर आणि बारामती तालुक्यांत, डाळजसारख्या गावांच्या परिसरात, फासेपारधी समाज राहतो. त्यांची बोली भिल्ली गटातली, गुजरातीला जवळची. ब्रिटिशकालीन भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात 1907 साली तिची नोंद झाली. त्याच काळात ती बोलणारे मात्र सरकारदरबारी गुन्हेगार ठरत होते. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला, आणि सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. त्या जागेला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला, संशय राहिला. चोरी कुठेही झाली तरी पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर येत. चारचौघांत आपली बोली बोलणे म्हणजे स्वतःहून ओळख देणे, हे मुले लहानपणीच शिकली. बोली अशी दबण्याचे दुसरे उदाहरण अमेरिकेतले : तिथल्या नवाहो आदिवासी मुलांना निवासी शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. तिथे 1966 मध्ये रफ रॉकची शाळा नवाहो भाषेतून शिकवू लागली. इथे बोलीवर बंदीचा नियम कधीच नव्हता. गप्प बसवायला भीती पुरेशी होती, आणि हा अन्याय कुठल्याही कागदावर सापडत नाही. त्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली. तितर-सशांचे माग आणि फासे लावण्याची रीत मुले वडीलधाऱ्यांमागे रानात फिरत शिकायची, त्या शिक्षणाबरोबर त्याचे शब्दही मागे पडू लागले. शाळेत मराठी आली.

पुढच्या पिढीपुढे वेगळाच पेच उभा राहिला. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. शिक्षण-नोकरीतील सवलतीसाठी जातपडताळणी समितीपुढे जमात सिद्ध करावी लागते. तिथल्या आप्तभाव चाचणीत दैवते, लग्नाच्या रीती, अंत्यविधी, बोली विचारली जाते. म्हणजे भाड्याची खोली शोधताना जी ओळख लपवायची, तीच समितीपुढे तोंडपाठ सांगायची. वसतिगृहात राहून मराठीत वाढलेल्या तरुणाला हे जड जाते. स्थलांतर आणि आधुनिकतेमुळे परंपरा मूळ जमातीशी जुळतीलच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आनंद काटोले प्रकरणात मान्य केले. मार्च 2023 मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानेही ही चाचणी निर्णायक कसोटी नाही, असे स्पष्ट केले.

दरम्यान भाषा-अभ्यासक गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली 2013 मध्ये आला आणि राज्यातल्या भटक्या-विमुक्तांच्या बोली मराठी वाचकांसमोर आल्या.