मुलांच्या खाण्यातील कृत्रिम रंग

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि शाळांना सुट्टी लागली, की जुहूच्या किनाऱ्यावर, तसेच अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील बाजाराच्या रस्त्यांवर बर्फगोळ्याच्या गाड्यांभोवती मुलांची गर्दी जमते. गाडीवर लाल, नारिंगी, पिवळ्या व हिरव्या पाकाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. गोळा संपतो, परंतु मुलाची जीभ पुढे बराच वेळ लाल राहते. घरी आल्यावर मूल एका जागी बसेना, सांगितलेले ऐकेना, तर "फार गोड खाल्ले, म्हणून असे करतो," असे म्हणून आई तो विषय सोडून देते. गोडापेक्षा रंगाचा तर हा परिणाम नसेल ना, ही शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही.

हा प्रश्न शहरातील आयांचा आहे, शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके आहेत. गोराई-मनोरीकडील थोडी शेती सोडली, तर येथील बहुतेक कुटुंबे विकतच्या अन्नावर जगतात. त्यांच्या घरात जाणारी हळद सांगली व हिंगोलीकडची असते, आमसुले रत्नागिरी-सिंधुदुर्गातील असतात आणि जांभळे पालघरची असतात. या बाजारात कोणत्या रंगाच्या मालाला भाव मिळतो, यावर शेतात व कारखान्यात काय केले जाईल हे ठरते. म्हणूनच हा विषय पिकवणाऱ्याने व खाणाऱ्याने मिळून समजून घेण्याजोगा आहे.

रंग कशासाठी घालतात ?

कृत्रिम रंगाने अन्नाचे पोषण वाढत नाही, चव सुधारत नाही व ते अधिक काळ टिकतही नाही. रंगाचे काम एकच, ते म्हणजे डोळ्यांना भुलविणे. ज्या सरबतात फळाचा रस नाही, त्यात रस असल्याचा भास रंगामुळे होतो. शिवाय हे रंग स्वस्त असतात व उन्हाने किंवा उष्णतेने लवकर फिके पडत नाहीत. कोकम, बीट यांसारखे वनस्पतिजन्य रंग मात्र उष्णतेने व प्रकाशाने उतरतात. व्यापाऱ्याला कृत्रिम रंग सोयीचे वाटतात याचे कारण हेच.

आपल्याकडे १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यापासून अन्नातील रंगांवर नियंत्रण आहे. त्या कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली व तो २०११ मध्ये अमलात आला. त्याखालील नियमांनी आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली. पॉन्सो-४ आर, कार्मोझिन व एरिथ्रोसिन हे तांबडे, टार्ट्राझिन व सनसेट यलो हे पिवळे, इंडिगो कार्माइन व ब्रिलियंट ब्ल्यू हे निळे आणि फास्ट ग्रीन हा हिरवा. हे रंगसुद्धा मिठाई, बिस्किटे, आइस्क्रीम, सरबते अशा ठरावीक पदार्थांतच व ठरावीक प्रमाणात घालावयाचे असतात. डाळी, हळद, तिखट किंवा ताजी भाजी यांना ते लावण्याची मुभा नाही.

प्रयोग काय सांगतात ?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ मध्ये असे मत मांडले की, अतिचंचल मुलांच्या आहारातून कृत्रिम रंग व स्वाद काढून टाकल्यास त्यांच्यापैकी अनेकांचे वागणे सुधारते. या मतावर मोठा वाद झाला. आईला मूल शांत झाल्यासारखे वाटणे निराळे व ते खरोखर शांत होणे निराळे, असा आक्षेप घेण्यात आला, आणि तो योग्यच होता.

खताची परीक्षा घेताना आपण एक वाफा खत घालून व शेजारचा वाफा खताविना ठेवतो. बी, पाणी व मशागत दोन्हीकडे सारखी ठेवली, तरच पिकातील फरक खताचा म्हणता येतो. इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी याच तत्त्वावर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले त्यात होती. त्यांच्या नेहमीच्या आहारातून रंग वगळून त्यांना रोज एक पेय देण्यात आले. काही आठवडे त्या पेयात रंग व सोडियम बेंझोएट हे परिरक्षक असे, तर काही आठवडे नसे. दिसण्यात व चवीत दोन्ही पेये सारखीच होती. कोणत्या आठवड्यात कोणते पेय दिले, हे मुलांना, पालकांना वा निरीक्षकांना ठाऊक नव्हते. रंगीत पेय घेतलेल्या मुलांत सरासरीने चंचलता काहीशी वाढल्याचे आढळले.

या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. परिणाम लहान होता व सर्व मुलांत सारखा नव्हता. अनेक रंग व परिरक्षक एकत्र दिल्यामुळे नेमका दोष कोणाचा, हेही त्यातून ठरत नाही. चंचल मुलांपैकी बहुतेकांच्या चंचलतेचे मूळ अन्नातील रंगांत नसते. तथापि काही मुले या रंगांना इतरांपेक्षा अधिक संवेदनशील असतात, असे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या शासकीय संस्थेनेही २०२१ च्या आपल्या अहवालात मान्य केले. युरोपात २०१० पासून, साउदम्प्टनच्या प्रयोगातील सहा रंगांपैकी कोणताही घातलेल्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर, या रंगामुळे मुलांच्या चंचलतेवर व एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. त्या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन व पॉन्सो-४ आर हे चार आपल्या नियमांतील आठांत आहेत. पुड्यावर त्यांचे क्रमांक अनुक्रमे १०२, ११०, १२२ व १२४ असे दिलेले असतात.

साखरेमुळे मूल चंचल होते ही समजूत मात्र प्रयोगांत टिकली नाही. साखर दातांना व वजनाला घातक आहे हे खरे, परंतु तो विषय वेगळा.

खरा मोठा धोका

परवानगी असलेल्या रंगांबाबत शंकेला जागा आहे. परवानगी नसलेल्या रंगांबाबत ती नाही. ऱ्होडामिन-बी हा कापड रंगविण्याचा गुलाबी रंग होय. तो ‘म्हातारीचे केस’ या साखरेच्या खाऊत सापडल्यामुळे २०२४ मध्ये तामिळनाडू शासनाने त्या खाऊवर बंदी घातली व कर्नाटक शासनाने त्यात कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. मेटॅनिल यलो हा पिवळा रंग हळद व डाळीत मिसळला जातो.

या सर्वांत भयंकर म्हणजे हळदीला चकाकी आणण्यासाठी वापरला जाणारा लेड क्रोमेट. हे शिशाचे संयुग आहे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. बुद्धी मंदावते, चित्त एकाग्र होत नाही व स्वभाव उतावळा बनतो, आणि ही हानी भरून निघत नाही. म्हणजे मुलांच्या वर्तनाची चिंता करणाऱ्याने गोळ्याच्या गाडीआधी घरातील हळदीचा डबा पाहावा, असेच म्हणावे लागते.

बांगलादेशाची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात मोठ्या पुराने हळद भिजून काळवंडली. ती खपावी म्हणून काहींनी तिला लेड क्रोमेट लावण्यास आरंभ केला. गिऱ्हाइकांना त्या पिवळ्या रंगाची सवय जडली व चांगली हळदही रंगवावी लागू लागली. गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचे मूळ शोधताना संशोधक या हळदीपाशी पोहोचले. २०१९ मध्ये तेथील शासनाने व्यापाऱ्यांना दंड केले व लोकांत प्रचार केला. त्या वर्षी बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत भेसळ होती. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ती सापडली नाही. तीस वर्षांचे दुखणे दोन वर्षांत हटले.

हळद पिकवणाऱ्यांनी काय करावे ?

हळदीचा रंग कढईत व खळ्यावर टिकतो किंवा बिघडतो. कंद एकसारख्या आकाराचे निवडून शिजवावेत. फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटला व कंद बोटाने दाबता येऊ लागला, की शिजणे थांबवावे. कमी शिजलेली हळद ठिसूळ होते, जास्त शिजलेल्या हळदीचा रंग उतरतो. वाळवण स्वच्छ ताडपत्रीवर करावे व रात्री ते झाकावे. पिंपात घोळून पॉलिश करताना रंग चढवावयाचाच असेल, तर हळदीचीच पूड पाण्यात कालवून शिंपडावी. व्यापाऱ्याने दुसरी कोणतीही पिवळी पूड देऊ केल्यास ती नाकारावी. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव आपल्या मातीचे आहे. रंगाच्या चिमटीपायी ते गमावणे हा तोट्याचा व्यवहार ठरेल.

कोकम व जांभूळ पिकवणाऱ्यांना तर येथे संधीच आहे. पिकलेल्या रातांब्याच्या सालीत दुप्पट साखर थराथराने भरून सात-आठ दिवस रोज ढवळल्यास जो पाक सुटतो, त्याच्या रंगाला कोणत्याही डबीची गरज नसते. बचत गटांनी असा पाक स्वच्छ बाटल्यांत भरून उपनगरातील गोळेवाल्यांना पुरवावा. गोळेवाला हाही कष्टाने पोट भरणारा माणूस आहे. त्याला दोष देत बसण्यापेक्षा परवडेल असा चांगला माल त्याच्या हाती देणे अधिक फलदायी होईल. तिखटाच्या बाबतीतही हेच खरे आहे. ब्याडगी मिरचीचा रंग गडद व तिखटपणा बेताचा असतो. ती योग्य प्रमाणात घातली, की मसाल्याला वेगळा रंग लागत नाही.

घरच्या घरी करावयाच्या परीक्षा

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील परीक्षा महिला मंडळांत व शाळांत करून दाखवाव्यात.

१. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात अख्खे हळकुंड टाकावे. पाणी लगेच गडद पिवळे झाल्यास लेड क्रोमेटचा संशय धरावा.

२. पेल्यातील पाण्यावर तिखट भुरभुरावे. रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्यास त्यात कृत्रिम रंग आहे असे समजावे.

३. पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा रताळ्याच्या सालीवर किंवा नाचणीवर घासावा. बोळा गुलाबी झाल्यास ऱ्होडामिनची शंका घ्यावी.

या परीक्षा संशय दाखवितात, अंतिम निर्णय प्रयोगशाळेचा असतो. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

पालकांसाठी

मूल फार चंचल वाटत असल्यास दोन आठवडे रंगीत गोळ्या, सरबते व मिठाई पूर्ण बंद ठेवावी. मुलाची झोप, अभ्यास व भांडणे यांची रोज वहीत दोन ओळींची नोंद करावी. नंतर तोच खाऊ एखादे दिवशी देऊन पुन्हा नोंद पाहावी. फरक दिसला, तर तो खाऊ टाळावा. न दिसला, तर रंगाला दोष देऊ नये व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वैद्यकीय उपचार चालू असल्यास ते आपल्या मनाने थांबवू नयेत.

सणासुदीला मुलांच्या हातावर रंगीत खाऊ ठेवण्यात आपल्याला आनंद वाटतो. तो आनंद कोणी हिरावून घ्यावा असे नाही. मात्र तो रंग रातांब्याचा, जांभळाचा, केशराचा वा हळदीचा असावा. गिऱ्हाइकाने भडकपणाचा हट्ट सोडला व शेतकऱ्याने आपला माल त्याच्या मूळ रंगात अभिमानाने विकला, तर रंगाच्या डबीला बाजारात जागा उरणार नाही.