शिष्यवृत्ती मागावी लागते

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. आज आपल्याला शासनाच्या ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये, तर खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीस ८ लाख आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा; आम्हा केडगावकरांचे तहसील दौंडला. म्हणून निकालाची वाट न पाहता दाखला काढावा, बँकखाते आधारशी जोडावे आणि दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा. गरिबीने शिक्षण सुटणे दुःखद खरे. पण हक्काचा पैसा असताना केवळ एका कागदावाचून ते सुटावे, हे मला अधिक बोचते.