वांगं चालेल, पालक जपून

रुळांकाठच्या पालेभाजीची बातमी मुंबईला नवी नाही. नाल्याचं पाणी, शिसं, कॅडमियम; दोन दिवस पालक ताटातून गायब, मग येरे माझ्या मागल्या. या चर्चेत हल्ली कुणीतरी हमखास म्हणतं, ‘कंपोस्ट घाला, माती शुद्ध होते.’ कंपोस्टचा मीही भक्त. गॅलरीत दोन डबे आहेत. पण त्याने माती शुद्ध होते, हे खरं नाही. शिसं हे मूलद्रव्य. जिवाणू कितीही भुकेले असले तरी ते पचवू शकत नाहीत.

शहरी मातीतल्या शिशाची गोष्ट कळते ती अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये. हॉवर्ड मिल्के या संशोधकाने तिथल्या परसबागांची माती तपासली. तोवर बराचसा दोष जुन्या घरांच्या शिसेयुक्त रंगावर होता. १९८३च्या शोधनिबंधात मात्र सर्वाधिक शिसं निघालं शहराच्या मध्यभागी, जिथली घरं बहुतांश विटांची, बिनरंगाची. संशय वळला तो रहदारीकडे, शिसेयुक्त पेट्रोलकडे. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं. मातीत उतरलेलं शिसं कुठे जाणार? अमेरिकेने तर २०२४च्या जानेवारीत घराभोवतीच्या मातीसाठी शिशाची इशाऱ्याची पातळी ४०० पीपीएमवरून २००वर आणली.

मग कंपोस्ट करतं काय? शिशाला बांधून ठेवतं. त्यातले ह्युमिक पदार्थ त्याला धरतात, त्यातल्या फॉस्फेटशी जुळून शिशाचं जवळजवळ न विरघळणारं खनिज बनू शकतं. मातीचा आंबटपणा उतरला की कॅडमियमही मुळांना कमी मिळतं. आर्सेनिकचा खेळ मात्र उलटा: तेच फॉस्फेट त्याला मातीच्या कणांवरून सुटं करतं. म्हणजे मातीत काय आहे हे न तपासता खत ओतणं हा आंधळा कारभार.

पीकही बघायला हवं. शिसं मुळातून फळापर्यंत फारसं चढत नाही, म्हणून वांगी, टोमॅटो, भेंडी त्यातल्या त्यात बरी, गाजर-मुळा नकोत. पालेभाजीवरचं शिसं बरंचसं उडालेल्या चिखलाचं. वाफ्यावर कंपोस्ट आणि पाचोळ्याचं आच्छादन घातलं की चिखल उडत नाही, लहान मुलांच्या हाताला धूळही कमी लागते. माझ्या मते कंपोस्टचा खरा उपयोग हाच. कॅडमियम मात्र पालकाच्या पानात आतून चढतं. ते कितीही धुवा, जात नाही. आणि रुळांकाठी दर पाळीला पाण्यातून नवी भर पडत असेल, तर तिथे आधी पाणी बदला, खताचं नंतर बघू.

राहिला प्रश्न खुद्द खताचा. मिसळलेल्या कचऱ्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे, काय वाट्टेल ते असतं. म्हणून खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा आहेत: किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५. गेल्या महिन्यात गोणी घेताना मी तपासणीचा अहवाल मागितला. दुकानदार हसला. ‘काका, खताला कसला रिपोर्ट?’