पोलीस केस झाली, पण दावा कुठे आहे?

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ गवंडीकाम करतात. खरे तर करीत होते, असेच म्हणायला हवे. २०२३ च्या मार्च महिन्यात संध्याकाळी कामावरून मोटारसायकलने घरी येताना मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवले. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले, आत रॉड घालावा लागला, अडीच महिने दवाखान्यात गेले. घरी आले ते कुबड्या घेऊन. परांचीवर चढणे कायमचे बंद. आज त्यांची पत्नी चार घरची धुणीभांडी करून संसार ओढते आहे.

टेम्पोचा मालक पहिल्याच आठवड्यात फळांची पिशवी घेऊन दवाखान्यात आला होता. दहा हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, कोर्टकचेरीच्या भानगडीत कशाला पडता? मी आहे ना." दुसऱ्यांदा आला तेव्हा पाच हजार दिले. त्यानंतर त्याने फोन उचलणे सोडले. या बाईंनी मात्र धीर सोडला नाही. कोणी विचारले की त्या सांगत, "केस चालू आहे, निकाल लागला की पैसे मिळतील." दहाव्या महिन्यात तालुक्याच्या कोर्टात एका वकिलाने कागद पाहिले आणि विचारले, "बाई, ही तर पोलीस केस आहे. तुमचा दावा कुठे आहे?"

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, हा प्रश्न आपल्यापैकी किती घरांत विचारला जाईल, याचा विचार करा. पोलिसांत फिर्याद झाली, पंचनामा झाला, ड्रायव्हरवर खटला भरला, म्हणजे आपले काम झाले असे आपण धरून चालतो. तो खटला सरकार विरुद्ध ड्रायव्हर असा असतो. ड्रायव्हरला शिक्षा झाली तरी त्यातून जखमीच्या घरी धान्य येत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा असतो, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावा लागतो. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहण्याचे त्यासाठी कारण नाही. ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी एवढ्याने दावा बुडत नाही. तिकडे तारखा पडत राहतात आणि इकडे दाव्याची मुदत निघून जाते.

ही मुदत किती? अपघात घडल्या दिवसापासून सहा महिने. दवाखान्यातून सुटल्यापासून नव्हे, प्लॅस्टर काढल्यापासूनही नव्हे. माणूस चार महिने अंथरुणाला खिळून वारला, तरी मोजणी अपघाताच्या तारखेपासूनच होते, म्हणजे घरच्यांच्या हाती दोनच महिने उरतात. आणि त्यातले पहिले काही आठवडे कसे जातात, हे ज्याच्या घरी माणूस गेला आहे त्याला सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, "आमच्या मामांनी तर तीन वर्षांनी दावा केला होता, त्यांना कोणी अडवले नाही." मामा खोटे बोलत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ साली झाला आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात सहा महिन्यांची मुदत होती, योग्य कारण दाखवले तर फार तर बारा महिने. १४ नोव्हेंबर १९९४ पासून ती अटच काढून टाकण्यात आली. एका अर्जदाराचा दावा बारा महिन्यांच्या मुदतीनंतर अवघ्या चार दिवसांनी दाखल झाला म्हणून खालच्या कोर्टांनी तो परत लावला होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, अट काढल्याचा फायदा अशा चालू प्रकरणांनाही मिळेल, असे म्हणून त्याचा अर्ज ऐकायला लावला. चार दिवसांसाठी त्या माणसाला दिल्लीपर्यंत जावे लागले!

पुढे सत्तावीस वर्षे मुदत नव्हती. म्हणूनच गावोगावचे जाणते लोक, आणि क्वचित जुने वकीलसुद्धा, "ॲक्सिडेंट क्लेमला मुदत नसते" असे अजून सांगतात. त्यांच्या काळात ते खरे होते. पण २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट परत आली. आणि या खेपेला उशीर माफ करण्याचे कलमही बरोबर आले नाही. जुन्या कायद्यात निदान तेवढी फट ठेवलेली होती. गरिबाला अपघातानंतर सहा महिने कसे जातात याचा विचार न करता केलेली ही दुरुस्ती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदत टळली म्हणून न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत, असे सांगितले. ज्यांचे सहा महिने उलटून गेले आहेत त्यांनी हताश होऊन घरी बसू नये, वकिलाला हा आदेश विचारावा. मात्र अंतरिम म्हणजे अंतिम नव्हे. ज्यांचे दिवस अजून शिल्लक आहेत त्यांनी त्याच्या भरवशावर एक आठवडाही घालवू नये.

नव्या कायद्यात एक गोष्ट चांगली आहे, तीही सांगितली पाहिजे. पोलिसांनी तपासाच्या वेळी अपघाताचा माहिती अहवाल तयार करून तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे आणि न्यायाधिकरणाने तो अहवालच नुकसानभरपाईचा अर्ज समजायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून पोलिसांना आणि विमा कंपन्यांना सविस्तर सूचना दिल्या. कागदावर हे उत्तम आहे. पण अहवाल गेला की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारणार कोण? आपणच. तोंडी उत्तरावर न थांबता लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्यावी.

दावा करायला अपघात झाला त्याच जिल्ह्यात जायला हवे असेही नाही. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. पुण्या-मुंबईला मजुरीला गेलेल्या माणसाला हायवेवर अपघात झाला, तर गावाकडच्या म्हाताऱ्या आईला एवढ्यासाठी परजिल्ह्यात हेलपाटे घालायला नकोत. फिर्याद द्यायला थोडा उशीर झाला, तेवढ्याने दावा खोटा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटलेले आहे. जखमीला आधी दवाखान्यात नेणे हेच माणसाला सुचते.

गाडी धडक देऊन पळून गेली आणि नंबरही मिळाला नाही, तर काय? त्यासाठी सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये ठरलेले आहेत. हा अर्ज कोर्टात नव्हे, महसूल कचेरीत द्यायचा असतो. ही रक्कम असते हेच अनेकांना ठाऊक नसते.

मुंबईकरांसाठी लोकलचे वेगळे सांगतो. धावत्या गाडीतून पडून मृत्यू आला किंवा हातपाय गेला, तर दावा रेल्वेच्या वेगळ्या न्यायाधिकरणात करावा लागतो. तिथली मुदत एक वर्षाची आहे आणि सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो. मृत्यूसाठी ८ लाख रुपये ठरलेले आहेत. पास किंवा तिकीट जपून ठेवावे. ते गर्दीत हरवले म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, पण प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

विमा कंपनी किंवा मालक तडजोडीचा कागद पुढे करील, तेव्हा तो घरी आणून वाचून घ्यावा. चूक कोणाची हे न पाहता मिळणारी ठराविक रक्कम, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. घरात पैसा नसताना अडीच लाख मोठे वाटतात. पण तिशीतल्या गवंड्याची उरलेली पंचवीस-तीस वर्षांची मजुरी मोजून पाहा.

आता वकिलाच्या फीचा प्रश्न. दवाखान्याच्या दारातच "तुम्ही फक्त सह्या करा, निम्मे निम्मे" म्हणणारे एजंट भेटतात. त्यांना दूर ठेवावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश आहे, तेव्हा जातीचा दाखला बरोबर न्यावा. जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवेचे कार्यालय असते. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

जाताना फिर्यादीची आणि पंचनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, अपंगत्वाचा दाखला, मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल, आणि मजुरीचा काही पुरावा न्यावा. हजेरीची वही असेल तर तीही. यातले दोन कागद कमी असले म्हणून जाणे लांबवू नये, ते मागाहून देता येतात.

आमच्या त्या भगिनीचा अर्ज अकराव्या महिन्यात दाखल झाला. तो अजून चालू आहे. अपघाताची तारीख त्यांनी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे, आणि वस्तीत कोणाकडे असा प्रसंग आला की त्या कामावरची सुटी काढून त्यांच्याबरोबर कोर्टात जातात.