दोन पडदे

आमच्या शाळेत मराठीच्या तासाला मुलांना धडे ऐकवायचे ठरले. धडा वाचणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. ज्यांच्या घरी उर्दू बोलली जाते त्या मुलांना मराठी वाचता येते. पण 'काल' आणि 'काळ', 'मन' आणि 'मण' हे शब्द कानाला वेगळे वाटायला वेळ लागतो. वर्गात स्पीकर लावला की पुढच्या दोन बाकांना शब्द ऐकू येतात आणि मागच्या बाकांना नुसता गलका. म्हणून काही हेडफोन घ्यावेत आणि मुलांनी पाळीपाळीने ऐकावे, असा विचार झाला.

पैसे थोडे होते, म्हणून बाजारातून स्वस्तातले चार हेडफोन आणले. ते कोणत्या कंपनीचे होते हे सांगण्यात अर्थ नाही. दोन महिन्यांत दोघांची पट्टी मोडली. पण खरी अडचण निराळीच होती. त्यांत ढोलकी छान घुमायची, मात्र 'शाल' म्हटले की 'साल' हे नीट कळत नसे. मग मुले काय करत? आवाज वाढवत. एक मुलगी तर चकती शेवटपर्यंत फिरवून बसायची. तास संपल्यावर ती म्हणाली, "सर, कानात शिट्टी वाजते." त्या दिवशी मी ते हेडफोन कपाटात ठेवून दिले.

माझा एक मित्र भूगावला राहतो. भूगाव हे मुळशी तालुक्यातले गाव. पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की ते लागते. पिरंगुटच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक, बसगाड्या आणि सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या मोटारी यांमुळे या रस्त्याला उसंत नसते. मित्राचे घर रस्त्यालगतच आहे आणि मागच्या खोलीत तो ध्वनिमुद्रण करतो. एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो आणि विचारले, "कोणता हेडफोन घेऊ?"

तो म्हणाला, "अरे, नाव काय विचारतोस? ऐकून बघ." आणि त्याने टेबलावर तीन हेडफोन मांडले. तिन्ही बंद पाठीचे होते.

बंद पाठीचा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. हेडफोनच्या दोन वाट्या कानांवर बसतात. प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा असतो. पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि त्याच्याजवळ चुंबक असते. तारेतून विजेचा बदलता प्रवाह गेला की वेटोळे पुढेमागे हलते. त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि हवेला धक्के देतो. ते धक्के आपल्या कानाच्या पडद्यावर पोचतात. 'पडदा' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उर्दूतही तो 'परदा' म्हणून आहेच. तेव्हा हेडफोन लावणे म्हणजे दोन पडदे समोरासमोर आणणे.

आता पडदा पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा सैल होते. म्हणजे आवाज दोन्ही बाजूंना निघतो. काही हेडफोनांच्या वाट्यांना मागे जाळी असते. मागचा आवाज तेथून बाहेर जातो. हे उघड्या पाठीचे हेडफोन. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने 1968 मध्ये असा पहिला हेडफोन बाजारात आणला. त्यांतले संगीत मोकळे वाटते, पण शेजारी बसलेल्यालाही ते ऐकू येते आणि बाहेरचा गोंगाटही आत येतो. बंद पाठीच्या हेडफोनात वाटी मागून पूर्ण झाकलेली असते. डिसेंबर 2017 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या याच भूगावात झाल्या. तशा मैदानावर, प्रेक्षकांच्या आरोळ्यांत, कुस्तीचे धावते वर्णन करणाऱ्याला आपल्या साथीदाराची सूचना ऐकायची असेल तर बंद पाठच हवी. आकाशवाणीच्या स्टुडिओतही हेडफोनमधला आवाज बाहेर सांडून मायक्रोफोनमध्ये शिरू नये लागतो. आमच्या वर्गाला तर दोन्ही कारणांनी बंद पाठच हवी होती.

पण झाकण घातले की नवी अडचण येते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा दाबून पाहा. आतली हवा स्प्रिंगसारखी उलट रेटते. बंद वाटीतली हवाही पडद्याला तसेच रेटते. शिवाय मागचा आवाज वाटीच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलले की कसे घुमते, तसे. म्हणून चांगले कारागीर वाटीचा आकार विचारपूर्वक ठरवतात आणि आत फोम किंवा नमदा घालतात. आमच्या स्वस्त हेडफोनची वाटी मी उघडून पाहिली होती. आत काहीच नव्हते.

मित्राने माझ्याच आवाजात वीस शब्द ध्वनिमुद्रित केले: बाल, बाळ, साल, शाल, करा, खरा, चार, चारा. 'जग' हा शब्द मी दोनदा म्हटला. एकदा दुनिया या अर्थाने, एकदा 'जगणे' या अर्थाने. लिहायला दोन्ही सारखेच. पण दुसऱ्यातला 'ज' उर्दूच्या 'ज़े' अक्षराच्या जवळ जातो. मग त्याने तिन्ही हेडफोनांचा आवाज मापकाने सारखा करून घेतला. हे फार महत्त्वाचे आहे. जो हेडफोन थोडा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला उगीच सरस वाटतो. दुकानात पुष्कळ लोक याच ठिकाणी फसतात.

पहिला हेडफोन सोनी कंपनीचा एमडीआर-7506. तो 1991 पासून मिळतो आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत जगभर दिसतो. त्यात 'स' आणि 'श' अगदी धारदार ऐकू आले. 'स' म्हणताना जो सूंसूं आवाज होतो त्याची कंपने सेकंदाला साधारण 5 ते 8 हजार असतात. 'श' ची त्याहून कमी. साध्या टेलिफोनवर सुमारे 3400 च्या वरची कंपने जातच नाहीत, म्हणून फोनवर नाव सांगताना 'स' की 'फ' असा घोटाळा होतो. या हेडफोनात वरची पट्टी ठळक आहे. शब्द चटकन कळतात, पण तासभर ऐकल्यावर मला ती धार किंचित टोचू लागली. तो घडी होऊन लहान होतो. त्याची वायर मात्र वाटीला कायमची जोडलेली असते.

दुसरा बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी 770 प्रो. या जातीचे हेडफोन 1985 पासून जर्मनीत बनतात. त्याच्या गाद्या मखमली असतात, त्यामुळे कान तापत नाहीत. पट्टी स्प्रिंगच्या पोलादाची आहे. गादी, पट्टी, पडदा असे सुटे भाग बदलता येतात, हे मला सर्वांत आवडले. तबल्याच्या डग्ग्याची घुमार यात खोल येते आणि वरचा आवाजही लखलखीत असतो. मधले स्वर त्यामानाने जरा मागे राहतात. तो 32, 80 आणि 250 ओहम अशा प्रकारांत मिळतो. ओहम हे विजेच्या अडथळ्याचे माप. 250 ओहमचा हेडफोन मोबाईलला जोडला तर आवाज बारीक येतो, त्याला वेगळे ताकदवान यंत्र लागते. शाळेला हे ठाऊक नसेल तर पैसे वायाच.

तिसरा सेनहायझरचा एचडी 280 प्रो. तो डोक्यावर घट्ट बसतो, आणि खालून जाणारा ट्रक जवळजवळ नाहीसा झाला. माहितीपत्रकात बाहेरचा आवाज 32 डेसिबलपर्यंत कमी होतो असे लिहिले आहे. डीटी 770 प्रोसाठी हा आकडा सुमारे 18 आहे. तरी बसच्या इंजिनाची घरघर थोडी आत आलीच. जाड, खालचे आवाज वाटी आणि गादी यांना फारसे जुमानत नाहीत. हॉर्न आणि बोलणे मात्र अडते. 'बाळ' आणि 'बाल' मला यात सर्वांत सहज वेगळे कळले. या दोन अक्षरांतला फरक मधल्या पट्टीत असतो, आणि ती येथे फुगवलेली किंवा दाबलेली वाटत नाही. पट्टीचा दाब मात्र मला जाणवला.

शेवटी मित्राने एक गंमत केली. त्याने माझ्या चष्म्याच्या काड्या गादीखाली नीट सरकवल्या आणि मग थोड्या उचलल्या. डग्गा एकदम हरवला. गादी आणि कान यांच्यामध्ये फट राहिली की खालचे स्वर तेथून गळून जातात. मला आमच्या वर्गातली ती मुलगी आठवली. तिच्या कानांवर स्कार्फच्या तीन घड्या होत्या. तिला आवाज पातळ यायचा, म्हणून ती चकती फिरवायची. दोष तिचा नव्हता, आणि सगळा दोष हेडफोनचाही नव्हता. पुढे मी मुलींना सांगितले, कानावर कापडाचा एकच पदर ठेवा, पिन आणि गाठ गादीबाहेर येऊ द्या. मुलांनी टोपीची कडही वर सरकवावी.

आवाज वाढवण्यात धोका काय आहे? कानाच्या आत सुमारे 15 हजार सूक्ष्म केसयुक्त पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. दर 3 डेसिबल वाढले की ऐकण्याची वेळ निम्मी होते. म्हणजे 90 डेसिबलला 40 तासांचे जेमतेम 4 तास उरतात. गोंगाट बाहेर ठेवणारा हेडफोन हळू आवाजात पुरतो. याच कारणाने तो रस्त्यावर वापरू नये. परत निघताना मित्राने मला बजावले होते, "खाली उतरण्याआधी काढ तो. येथे हॉर्न ऐकू आला नाही तर संपलेच."

एवढे महाग हेडफोन शाळेला परवडणारे नव्हते. आम्ही साधेच घेतले, पण तेच वीस शब्द ऐकून निवडले. गाद्या बदलता येतात, वायर काढता येते आणि पट्टीत धातू आहे, हे पाहिले. कृत्रिम चामड्याच्या गाद्या काही वर्षांत सोलतात, म्हणून दोन जोड्या जास्तीच्या घेऊन ठेवल्या.

आवाजाच्या चकतीवर मी लाल रंगाचा ठिपका लावला आहे. त्याच्या पुढे चकती न्यायची नाही. परवा ती मुलगी ऐकत बसली होती. मी सहज पाहिले, तर तिची चकती ठिपक्याच्या बरीच अलीकडे होती, आणि वहीत 'काल' व 'काळ' दोन्ही बरोबर लिहिलेले होते.