नको तिथला बर्फ

मोठ्या दोन दारांच्या फ्रीजला पेला टेकवला की आत घरघर होते आणि बर्फाचे खडे खळखळत पेल्यात पडतात. एखाद्या दिवशी घरघर होते, पण खडा काही पडत नाही. मेकॅनिकला फोन लावण्याआधी आत काय चालतं ते समजून घ्यावं. निम्मी दुरुस्ती त्यातच होते.

या यंत्राला डोळे नसतात. मग पाणी गोठलं हे त्याला कळतं कसं? साध्या रचनेत साच्याला चिकटून एक छोटा थर्मोस्टॅट बसवलेला असतो. साचा उणे आठ-नऊ अंशांवर आला की तो मोटर सुरू करतो. शून्यावर का नाही? कारण पाणी शून्याला गोठायला लागतं आणि पूर्ण गोठेपर्यंत तिथेच रेंगाळतं. साचा शून्याच्या इतका खाली गेला, म्हणजे गोठायचं काही उरलेलं नाही! पाण्याचाच स्वभाव इथे घड्याळाचं काम करतो.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते: फ्रीझरच्या पोटात चक्क हीटर तापतो. साच्याला टेकलेला बर्फाचा पापुद्रा तेवढा वितळतो आणि फिरती बोटं चंद्रकोरीसारखे खडे उचलून खालच्या डब्यात लोटतात. खडे सुटेपर्यंत मोटर बोटांवर जोर देत अडून राहते आणि तरी जळत नाही; ती बनवलेलीच तशी असते. डबा भरला की नाही, हे एक तारेचा दांडा चाचपून पाहतो. जागा असेल तर पाण्याची झडप सात-आठ सेकंद उघडते.

बिघाडांची मुळं पुष्कळदा या झडपेतच असतात. ती नीट मिटायलाही पाण्याचा दाब लागतो. साधारण २० पीएसआय, म्हणजे जवळपास १४ मीटर उंचीच्या पाण्याचा. गच्चीवरची टाकी डोक्यावर तीन मीटर असेल, तर वरच्या मजल्यावर तेवढा दाब मिळणार कुठून? पंप नसेल तर झडप थेंब थेंब गळते, थेंब भरणनळीच्या तोंडाशी गोठतो आणि पाण्याची वाटच बुजते. प्लग काढून, नळी आणि आसपासचा भाग कोरडा ठेवून, हेअर ड्रायरची मंद हवा लांबून द्यावी. सुरी-स्क्रूड्रायव्हरने टोचू नये, प्लास्टिक तडकतं. दाब सुधारला नाही, तर नळी पुन्हा बुजणार हे धरून चालावं.

घरघर होऊनही खडे येत नसतील तर डबा बाहेर ओढा. खडे पुढे ढकलणारं मळसूत्र बहुधा एका ढेकळात रुतलेलं दिसेल. वितळलं नाही, तरी खडे चिकटले कसे? १८५० साली मायकेल फॅरडेने याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, दोन तुकडे टेकले की तो त्यांना सांधतो, असं त्याचं म्हणणं. पुढच्या संशोधनाने त्या थराला दुजोरा दिला. वापर कमी असलेल्या घरात ढेकूळ जास्त, कारण खडे दिवसेंदिवस एकमेकांना टेकून पडून असतात. कोमट पाण्याने डबा मोकळा करा आणि परत लावण्याआधी पूर्ण कोरडा पुसा. राहिलेला ओलावा नव्या ढेकळाची सुरुवात ठरतो.

बर्फाच्या वाटेवरचं झाकणही पाहावं. पेला काढल्यावर ते काही सेकंद थांबून मिटतं, म्हणजे मागे राहिलेला खडा सुटून येतो. रबरात बर्फाची कपची अडकली तर मुंबईच्या पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि वाटेत हिमाचा थर बसतो. कोमट ओल्या फडक्याने कडा पुसली की पुरतं. घरघरच होत नसेल, तर आधी दारावरचं चाइल्ड लॉक पाहा, मग बाकीचं.

दुरुस्तीनंतर लगेच पेला लावू नका. एका खेपेला तास-दोन तास लागतात, डबा भरायला दिवसभर. पहिली खेप मोरीत ओता.