गॅरेजची फाइल

वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पुढे शेंद्र्यात स्कोडा आली. छत्रपती संभाजीनगरात गाड्या बनू लागल्या, तशी त्या दुरुस्त करणारी गॅरेजंही गल्लोगल्ली झाली. मुकुंदवाडी असो की गारखेडा, दहा बाय पंधराचा गाळा, कंप्रेसर, पान्यांचा सेट, एक मिस्त्री आणि हाताखाली एक पोरगा एवढ्यावर धंदा सुरू होतो. त्यामागची फाइल मात्र फारसं कुणी उघडत नाही.

पहिला कागद जागेचा. गाळा भाड्याचा असेल तर स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. घराच्याच पुढच्या खोलीला शटर लावलं, तर गाठ महावितरणशी. घरगुती मीटरवर कंप्रेसर चालवणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

मग गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी. १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा आला, तरी लोकांच्या तोंडी नाव तेच. नव्या कायद्याने कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीतून सोडलं. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की झालं. पाटीच्या बाबतीत मात्र २०२२ पासून छोट्यांनाही सूट नाही. नाव मराठीत हवं आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीहून लहान चालत नाहीत. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. महापालिकेचा व्यवसाय परवाना वेगळा.

खरी मेख आहे ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कागदात. मोटारसायकलचा ड्रेन नट सोडला की खालच्या ट्रेमध्ये साधारण लिटरभर काळं ऑइल उतरतं. रोज आठ गाड्या धरल्या तर महिन्याकाठी दोनशे लिटरचं बॅरल भरलं. २०१६ च्या नियमांत हे ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते किती निघालं, कुठे गेलं याची नोंद ठेवायची आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. साठवायचं तेही साधारण नव्वद दिवस. छोट्या उत्पादकाला मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. प्रत्यक्षात बरंचसं ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना फासायला जातं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून नेलं जातं, नाहीतर वॉशिंगच्या पाण्याबरोबर सरळ नालीत.

एवढी फाइल चाळल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. जागा कुणाची, कामगार किती, कर किती, कचरा कुठे, सगळं विचारून झालं; इंजिन खोलता येतं का, हे कुठेच विचारलेलं नाही. धूर मोजणाऱ्या पीयूसी केंद्राला आरटीओची मान्यता लागते, पण ब्रेक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला मोटार वाहन कायदा परवाना मागत नाही. जर्मनीत स्वतःचं गॅरेज काढायला साधारणपणे ‘माइस्टर’ ही वरच्या दर्जाची परीक्षा पास व्हावी लागते. आपल्याकडे आयटीआयचा दोन वर्षांचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड आहे. हाताखाली काम करून शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेतही आहे. पण ही प्रमाणपत्रं असली तर ठीक, नसली तरी शटर उघडतंच.

म्हणून उद्या मिस्त्रीला परवाना सक्तीचा करावा, असं नाही. वस्तादाच्या हाताखाली वीस वर्षं घासलेला माणूस पेपर लिहिता येत नाही म्हणून घरी बसवणं शहराला परवडणारं नाही. मात्र त्याचा हात तपासून प्रमाणपत्र देणं आणि काळ्या ऑइलचं बॅरल उचलायला वेळेवर गाडी पाठवणं, ही दोन कामं झाली तर गॅरेजवाला फाइलला ओझं म्हणणार नाही. गिऱ्हाइकालाही मग बिलाबरोबर हात कुणाचा लागला ते कळेल.